घरचे दोन संगणक आणि एक परवलीचा शब्द

सुशिक्षित कुटुंबांत संगणकाचा प्रवेश होऊन आतां बराच काळ लोटला आहे. पूर्वीं घरांत एकच संगणक असे आणि त्याच्यासमोर सर्व मंडळी पाळीपाळीनें बसत. आज एकाच छपराखालीं पांचसहा यंत्रें नांदतात, आणि तींही एका तऱ्हेचीं नसतात. वडिलांना कचेरीनें दिलेला संगणक ‘विंडोज’ पद्धतीचा, कॉलेजांत शिकणाऱ्या मुलीचा ‘मॅक’ पद्धतीचा, आजोबांच्या खोलींतला आणखी जुन्या विंडोजचा. ह्या सर्वांनीं दिवाणखान्यांतील एकाच बिनतारी पेटीवर, म्हणजे जिला सर्वत्र ‘राउटर’ म्हणतात तिच्यावर, चालावें अशी आपली अपेक्षा असते. बहुधा ते चालतातही. परंतु एखादे दिवशीं असें होतें कीं, परवलीचा शब्द तोच, पेटी तीच, टंकणारा मनुष्यही तोच. आणि एक संगणक सुखानें आंत जातो, तर दुसरा दारांतच अडतो.

अशा वेळीं घरांत काय होतें हें आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें असेल. प्रथम शब्द चुकल्याचा आरोप होतो. मग तो शब्द चार जणांकडून चार वेळां टंकला जातो. मग ‘मॅक चांगला कीं विंडोज चांगला’ ह्या वादाला तोंड फुटतें. आणि शेवटीं कोणी तरी जाणता तरुण राउटरची आंतली मांडणी उघडून सुरक्षेची कडी सैल करतो, किंवा ती अजीबात काढून टाकतो. अडलेला संगणक तत्क्षणीं चालूं लागतो. सर्वांना हायसें वाटतें, आणि कडी सैल केलेली आहे ही गोष्ट सर्वजण विसरून जातात.

प्रस्तुत लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, हा तोडगा नव्हे. दोन भिन्न तऱ्हांच्या संगणकांचें बिनतारी सुरक्षेवरून जुळत नाहीं, तेव्हां पुष्कळ वेळां दोष शब्दांत नसून भाषेंत असतो. तो शोधून काढतां येतो. आणि एकट्यासाठीं सर्व घराचें दार उघडें टाकण्याची पाळी सहसा येत नाहीं.

उघड्यावरचें बोलणें

तारेंतून जाणारा संदेश चोरून ऐकावयाचा तर तारेपर्यंत पोंचावें लागतें. बिनतारी संदेशाचें तसें नाहीं. सेकंदाला सुमारें २ अब्ज ४० कोटी किंवा ५ अब्ज आंदोलनें होणाऱ्या लहरींवर राउटर बोलत असतो. ह्यांनाच व्यवहारांत २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ म्हणतात. ह्या लहरी आपल्या भिंतीशीं येऊन थांबत नाहींत. त्या जिन्यांत ऐकूं येतात, शेजारच्या बिऱ्हाडांत ऐकूं येतात, रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींतही ऐकूं येतात. म्हणून संगणक आणि राउटर ह्यांचें संभाषण गुप्त लिपींत चालावें लागतें, आणि त्या लिपीची किल्ली घरच्या मंडळींपलीकडे जातां कामा नये.

येथें एक खुबी आहे. संगणक परवलीचा शब्द राउटरला उघडपणें ऐकवीत नाहीं, कारण तो जिन्यांतल्या माणसालाही ऐकूं जाईल. त्याऐवजीं दोघेही त्या शब्दापासून ठरलेल्या गणितानें एक लांबलचक किल्ली आपापल्या ठिकाणीं तयार करतात, आणि मग कांहीं संख्यांची देवघेव करून दुसऱ्याजवळही तीच किल्ली असल्याची खातरी पटवून घेतात. ह्या देवघेवीला तज्ज्ञ लोक ‘हस्तांदोलन’ म्हणतात. टाळी एका हातानें वाजत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. दोघांना शब्द ठाऊक असणें एवढ्यानें भागत नाहीं. त्या शब्दाची किल्ली करण्याचें गणित एक असावें लागतें, आणि त्या किल्लीनें मजकूर गुप्त करण्याची रीतही एक असावी लागते. भांडण होतें तें बहुधा ह्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ठिकाणीं, आणि आपण मात्र पहिल्याच ठिकाणीं डोकें आपटीत बसतों. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

कडी सैल राहिली तर काय होतें, ह्याचा अनुभव महाराष्ट्रानें घेतलेला आहे. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले, तेव्हां त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईंतील एका घरच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचें तपासांत आढळलें. लिहिणारा कोणी तिसराच होता. परंतु तपासाचें पहिलें पाऊल त्या घराच्या उंबरठ्यावर पडलें. त्याच वर्षीं मुंबईंतील एका महाविद्यालयाच्या आणि एका कंपनीच्या वाय-फायचाही असाच गैरवापर झाला. पुढें २००९ सालीं दूरसंचार विभागाला वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयीं सूचना काढाव्या लागल्या. तेव्हां ‘आमच्या घरांत चोरण्यासारखें आहे काय?’ हा प्रश्न गैरलागू आहे. प्रश्न आपल्या दारांतून दुसरा कोण काय करील हा आहे.

एक जुना तंटा

दोन तऱ्हांच्या संगणकांचा हा बेबनाव नवा नाहीं. १९९७ सालीं विद्युत्-अभियंत्यांच्या ‘आयट्रिपलई’ ह्या संस्थेनें बिनतारी जाळ्याचा ‘८०२.११’ हा दंडक प्रसिद्ध केला. त्यांतच संदेश गुप्त ठेवण्याची एक रीत सांगितलेली होती. तिचें नांव ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’. तिला संक्षेपानें ‘वेप’ म्हणत. १९९९ च्या जुलैंत न्यूयॉर्क येथें स्टीव्ह जॉब्स ह्यांनीं ॲपलचा ‘आयबुक’ संगणक लोकांपुढें आणला, तेव्हां तो एका मोठ्या कड्यांतून आरपार नेऊन त्याला कोठेंही तार नाहीं हें प्रेक्षकांस दाखविलें. त्याच्याबरोबर आलेल्या बिनतारी सोयीचें नांव ‘एअरपोर्ट’. पुढें २००१ सालीं मायक्रोसॉफ्टचें ‘विंडोज एक्सपी’ आलें, आणि त्यांतही बिनतारी जोडणीची व्यवस्था अंगचीच होती. दोघांचा दंडक एक, दोघांची गुप्त लिपी एक. तरीही एअरपोर्टची पेटी आणि विंडोजचा संगणक एका घरांत आले म्हणजे वारंवार खटका उडे.

त्याचें कारण मोठें बोधप्रद आहे. किल्ली किती लांब असावी हें दंडकानें सांगितलें होतें. प्रथम ती ४० बिटांची असे, पुढें १०४ बिटांचीही येऊं लागली. परंतु मनुष्यानें टंकलेल्या शब्दापासून ती किल्ली कशी घडवावी हें दंडकानें सांगितलें नव्हतें. ॲपलनें त्यासाठीं स्वतःचें गणित योजिलें, म्हणून एअरपोर्टवर मनाला येईल तो शब्द ठेवतां येई. विंडोजला तें गणित ठाऊक नव्हतें. त्याला नेमकीं ५ किंवा १३ अक्षरें पाहिजेत, नाहीं तर षोडशमान पद्धतीनें, म्हणजे शून्य ते नऊ हे अंक आणि पहिलीं सहा रोमन अक्षरें वापरून, लिहिलेली १० किंवा २६ स्थानांची किल्लीच पाहिजे. म्हणून आठ अक्षरांचा अगदीं बरोबर शब्द मॅकवर चाले आणि विंडोजवर कांहीं केल्या चालत नसे. घरचे लोक म्हणत, शब्द चुकला. शब्द चुकलेला नव्हता. त्याचे अर्थ दोन झाले होते.

उपायही सोपा होता, पण तो माहीत असावा लागे. एअरपोर्टची व्यवस्था पाहणाऱ्या ॲपलच्या कार्यक्रमांत ‘इक्विव्हॅलंट नेटवर्क पासवर्ड’ असें एक कलम होतें. तें उघडलें म्हणजे शब्दापासून तयार झालेली षोडशमान किल्ली डोळ्यांपुढें येई. ती कागदावर उतरून विंडोजमध्यें जशीच्या तशी टंकली कीं काम झालें. उलट, पेटी दुसऱ्या कंपनीची आणि संगणक मॅक असेल, तर षोडशमान किल्लीच्या आधीं डॉलरचें चिन्ह घालावें लागे. तें पाहिलें कीं पुढें येणारा मजकूर शब्द नसून तयार किल्ली आहे हें मॅकला समजे. एका चिन्हावांचून तासन्‌तास वाया जात, आणि ज्यांना तें ठाऊक नव्हतें ते शेवटीं कंटाळून कडीच काढून टाकीत.

दंडकाची पडझड

वेपची खरी दुर्बलता मात्र निराळीच निघाली. प्रत्येक संदेशाबरोबर किल्लीला २४ बिटांची एक बदलती संख्या जोडण्यांत येई. अशा संख्या सर्व मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होतात. आंकडा मोठा वाटतो. परंतु वर्दळीच्या जाळ्यावर तो लवकरच संपतो आणि त्याच त्या संख्या फिरून येऊं लागतात. २००१ सालीं फ्लुरर, मँटिन आणि शमीर ह्या तिघा संशोधकांनीं ह्या गुप्त लिपींतील दोषाचा फायदा घेऊन किल्ली शोधतां येते असें सिद्ध केलें. २००७ सालीं जर्मनींतील डार्मश्टाट येथील संशोधकांनीं १०४ बिटांची वेप किल्ली एका मिनिटाच्या आंत काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील ‘टीजेएक्स’ ह्या दुकानदार कंपनीनें आपल्याकडील निदान ४ कोटी ५७ लाख पतपत्रांचे क्रमांक चोरीस गेल्याचें जाहीर केलें. चोर दुकानाच्या वेपनें राखलेल्या वाय-फायमधून आंत शिरले होते.

दरम्यान २००३ सालीं ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती डागडुजी आली, आणि २००४ सालीं ‘डब्ल्यूपीए-२’ ही भक्कम रीत आली. ह्या नव्या रीतींनीं एअरपोर्टच्या वेळचा तंटा कायमचा मिटविला. शब्द ८ ते ६३ अक्षरांचा असावा, त्यांत जाळ्याचें नांव मिसळावें, त्यावर तेंच गणित ४०९६ वेळां करावें आणि २५६ बिटांची किल्ली काढावी, असें दंडकानेंच ठरवून दिलें. आतां मॅक असो कीं विंडोज असो, त्याच शब्दापासून तीच किल्ली निघते.

पिढ्यांचा तंटा

मग आज भांडण कशाचें? आजचें भांडण कंपन्यांचें कमी आणि पिढ्यांचें अधिक आहे. २०१८ सालीं ‘डब्ल्यूपीए-३’ ही तिसरी पिढी आली. डब्ल्यूपीए-२ मध्यें एक उणीव होती. हस्तांदोलनाच्या वेळच्या संख्या चोरून टिपून घ्याव्या आणि घरीं स्वस्थ बसून शब्दकोशांतील शब्द एकामागून एक लावून पाहावे, असें चोराला करतां येई. तिसऱ्या पिढींत ती सोय राहिली नाहीं. परंतु ही भाषा सर्वांना येत नाहीं. विंडोज १० ला ती २०१९ च्या ‘१९०३’ ह्या आवृत्तीपासून येते. मॅकला ती त्याच वर्षींच्या ‘कॅटालिना’पासून येते, आणि तीही संगणक २०१३ च्या अखेरीस किंवा नंतर निघालेला असेल तर. विंडोज ७ ला ती येत नाहीं.

आतां घरांतील चित्र पाहा. राउटर नवा आणला आणि तो केवळ डब्ल्यूपीए-३ वर लावला, तर मुलीचा मॅक आंत जातो आणि आजोबांचा संगणक अडतो. उलट, कोणी आजोबांसाठीं राउटर जुन्या डब्ल्यूपीएवर, म्हणजे ‘टीकेआयपी’ नांवाच्या लिपीवर, आणून ठेवला, तर मॅक ‘दुर्बल सुरक्षा’ म्हणून कुरकुर करतो आणि नवें विंडोजही जाळें असुरक्षित असल्याचा इशारा देतें. एक तक्रार करतो कडी फार कडक म्हणून, दुसरा तक्रार करतो कडी फार सैल म्हणून. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असतात. बऱ्याच राउटरांत ‘डब्ल्यूपीए-२ व ३’ अशी मिश्र योजना असते, आणि बहुतेक घरांना तीच मानवते. मात्र कांहीं जुन्या संगणकांचें बिनतारी कार्ड ह्या मिश्र योजनेंतही अडखळतें, कारण तींत जाळ्याच्या कारभाराचे संदेश संरक्षित ठेवण्याची जी नवी तरतूद आहे ती त्याला झेपत नाहीं. अशा घरानें केवळ डब्ल्यूपीए-२ आणि ‘एईएस’ लिपी पत्करावी व परवलीचा शब्द लांब ठेवावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

निदानाचा क्रम

वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. येथेंही प्रथम लक्षण ओळखावें. लक्षणें तीन प्रकारचीं असतात.

पहिलें लक्षण: जाळ्याचें नांवच त्या संगणकाला दिसत नाहीं. हा सुरक्षेचा प्रश्न नव्हे, लहरींचा आहे. जुनीं कार्डें २.४ गिगाहर्ट्‌झच ऐकतात. राउटर केवळ ५ वर बोलत असेल तर त्यांना तो मुका वाटतो. परदेशांतून आणलेल्या संगणकाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट पाहावी. २.४ गिगाहर्ट्‌झवरील १२ व १३ हे मार्ग अमेरिकेंत विकलेल्या कांहीं यंत्रांना दिसत नाहींत. राउटर १ ते ११ पैकीं एखाद्या मार्गावर आणला म्हणजे काम होतें.

दुसरें लक्षण: नांव दिसतें, पण संगणकाला आंत घेत नाहींत. खरा सुरक्षेचा तंटा तो हाच.

तिसरें लक्षण: जोडणी झाल्याचें दिसतें, पण इंटरनेट चालत नाहीं. ह्याचा अर्थ हस्तांदोलन झालें, परवल पटली. घरच्या वाय-फायमध्यें असें झालें तर दोष पुढें कोठें तरी आहे. सुरक्षेच्या कडीला हात लावूं नये.

दुसऱ्या लक्षणासाठीं पुढील पायऱ्या क्रमानें चढाव्या. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदललेली गोष्ट कागदावर लिहून ठेवावी.

पहिली पायरी: अडलेल्या संगणकाला जाळें विसरावयास लावावें. मॅक आणि विंडोज दोघांतही ‘फर्गेट’ असें कलम असतें. पुष्कळदां संगणक जुना शब्द किंवा जुनी रीत मनांत धरून बसलेला असतो. विसरल्यावर शब्द नव्यानें टंकावा, आणि तो टंकतांना अक्षरें उघडीं दिसतील अशी खूण करावी. ठिपक्यांच्या पडद्याआड ‘ओ’ आणि शून्य ह्यांचा घोटाळा कळत नाहीं.

दुसरी पायरी: लिपी पाहावी. मराठी घरांत हा दोष विशेष आढळण्यासारखा आहे. संगणकाचा टंकफलक देवनागरीवर राहून गेला असेल तर ठिपके तेच दिसतात, अक्षरें मात्र निराळीं जातात. परवलीच्या शब्दासाठीं दंडकानें रोमन अक्षरें, अंक आणि टंकफलकावरचीं नेहमींचीं चिन्हें एवढींच धरलीं आहेत. देवनागरी शब्द ठेवला तर तो सर्व यंत्रांना सारखाच समजेल अशी हमी नाहीं. शब्द मराठी असावा, पण रोमन लिपींत. आणि त्याचें रोमन लेखन ठरवून ठेवावें, कारण ‘जांभूळ’ आजी एका तऱ्हेनें लिहितील आणि नातू दुसऱ्या.

तिसरी पायरी: चालणाऱ्या संगणकाला विचारावें. मॅकवर ‘ऑप्शन’ ही कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर टिचकी मारली, किंवा विंडोजमध्यें जोडणीचे गुणधर्म उघडले, म्हणजे जाळें कोणत्या रीतीनें राखलेलें आहे तें दिसतें. ती रीत अडलेल्या संगणकाला येते कीं नाहीं हें मग ताडून पाहावें. येत नसेल तर भांडणाचें मूळ सांपडलें.

चौथी पायरी: मोठ्या घरांत माडीवर लहरी पोंचाव्या म्हणून दुसरी पेटी बसवितात. दोन्ही पेट्यांचें नांव एक असून शब्द किंवा रीत वेगळी राहिली, तर खालीं चालणारा संगणक वर गेल्यावर अडतो. दोन्हीकडे एकच रीत लावावी.

पांचवी पायरी: राउटरनें ठराविक यंत्रांनाच प्रवेश देण्याची यादी ठेवली आहे काय हें पाहावें. ही यादी यंत्राच्या अंगच्या पत्त्यावर चालते. परंतु ॲपलच्या फोनांत २०२० पासून, आणि मॅकमध्यें २०२४ च्या ‘सिक्वोया’पासून, खरा पत्ता न सांगतां बनावट पत्ता सांगण्याची सोय आली आहे. त्यामुळें काल यादींत असलेला मॅक आज परका ठरतो. एक तर घरच्या जाळ्यापुरती ती सोय बंद करावी, नाहीं तर यादीच काढून टाकावी. पत्ता ऐकून त्याची नक्कल करणें चोराला कठीण नसतें, म्हणून त्या यादीचा उपयोग तसा थोडाच.

सहावी पायरी: दोन्ही संगणक आणि राउटर ह्यांना त्यांच्या कंपनीचे नवे सुधार द्यावे. २०१७ सालीं बेल्जममधील संशोधक माथी व्हानहूफ ह्यांनीं डब्ल्यूपीए-२ च्या हस्तांदोलनांतील ‘क्रॅक’ नांवाचा दोष उजेडांत आणला. शब्द बदलून तो जात नाहीं, सुधार घेतल्यानेंच जातो. बिनतारी कार्डाचा ‘ड्रायव्हर’ जुना असणें हेंही विंडोजमधील अडचणींचें एक नेहमींचें कारण आहे.

चार आडवाटा

ह्या पायऱ्या चढण्याचा कंटाळा आला म्हणजे चार आडवाटा खुणावूं लागतात. पहिली, कडी काढून जाळें उघडें ठेवणें. तिचें फळ वर सांगितलेंच आहे. दुसरी, वेप किंवा टीकेआयपीवर उतरणें. हें केल्यानें सुरक्षा तर जातेच, शिवाय वेगही जातो, कारण ह्या जुन्या लिपींवर जोडणीचा वेग सेकंदाला ५४ मेगाबिटांच्या वर जात नाहीं. नव्या संगणकांचा वेग अचानक घसरला तर हा फेरफार कोणी केला काय, हें आधीं पाहावें.

तिसरी आडवाट ‘डब्ल्यूपीएस’ ह्या कळीची. राउटरवरची कळ दाबली कीं विंडोजचा संगणक शब्दावांचून आंत जातो. मॅकला ही सोय नाहीं, म्हणून मॅक वाईट असें कांहीं जण म्हणतात. परंतु ह्याच योजनेंत आठ अंकांचा एक क्रमांकही असतो, आणि २०११ च्या अखेरीस असें उघडकीस आलें कीं राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळें दहा कोटींऐवजीं ११,००० प्रयत्न पुरतात. ही सोय बंद ठेवणेंच श्रेयस्कर. चौथी, जाळ्याचें नांव लपविणें. नांव लपविल्यानें चोर फसत नाहीं. उलट घरचाच संगणक बाहेर गेल्यावरही त्या नांवानें हांका मारीत फिरतो.

जुन्या संगणकाचा मान

इतकें करूनही एखादा संगणक नव्या रीतीला तयार होत नाहीं, तेव्हां खरी पंचाईत होते. तो बहुधा घरांतील वडील मंडळींचा असतो. त्यांचे हिशेब, त्यांचीं पत्रें, त्यांचा हात बसलेला टंकफलक त्यांत असतो. ‘फेकून द्या’ म्हणणें सोपें आहे, पण योग्य नाहीं. आणि त्यांच्यासाठीं सर्वांची सुरक्षा खालीं आणणेंही योग्य नाहीं.

ह्यावर तीन मार्ग आहेत. संगणक एका जागीं राहणारा असेल, तर त्याला सरळ तार जोडावी; बिनतारी परवलीचा प्रश्नच उरत नाहीं. दुसरा मार्ग, राउटरवरील ‘गेस्ट नेटवर्क’. ओसरीवर पाहुण्याची सोय करावी पण त्याला माजघरांत नेऊं नये, तशी ही व्यवस्था आहे. मुख्य जाळें डब्ल्यूपीए-३ वर आणि हें दुसरें डब्ल्यूपीए-२ वर ठेवतां आलें, तर नवेजुने दोघेही सुखी राहतात. ह्याची किंमतही सांगितली पाहिजे: ओसरीवरच्या संगणकाला माजघरांतला छपाईयंत्र बहुधा दिसत नाहीं, म्हणून कागद छापावयाचा तर तो दुसऱ्या संगणकावर न्यावा लागतो. तिसरा मार्ग, यूएसबीला लावावयाचें नवें बिनतारी कार्ड. मात्र त्याचा ड्रायव्हर त्या जुन्या विंडोजसाठीं मिळतो काय, हें विकत घेण्यापूर्वीं पाहावें.

एक गोष्ट मात्र वडील मंडळींना आदरपूर्वक पण स्पष्ट सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज एक्सपीचे नेहमींचे सुधार ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. सुधार न मिळणारा संगणक तारेनें जोडला तरी इतर वाटांनीं धोका राहतोच. त्यावर लेखन, वाचन, गाणीं खुशाल चालावीं; बँकेचा व्यवहार मात्र दुसऱ्या संगणकावर करावा.

घरच्या व्यवस्थेंत घ्यावयाची काळजी

शेवटीं व्यवस्थेविषयीं दोन शब्द. परवलीचा शब्द चार असंबद्ध शब्दांचा असावा. ‘कंदील, घंगाळ, टपाल, मोरपीस’ अशा तऱ्हेचा. मात्र छापलेला हाच नको. असा शब्द लहानांना आठवतो, मोठ्यांना टंकतां येतो, आणि शब्दकोश लावून पाहणाऱ्याला दाद देत नाहीं. मुलांचीं नांवें, जन्मतारखा आणि इमारतीचें नांव वर्ज्य समजावें. राउटरची मांडणी उघडण्याचा शब्द हा ह्याहून निराळा असतो; तो कारखान्यानें दिलेला तसाच ठेवूं नये.

आणि ही सर्व माहिती घरांतील एकाच हुशार तरुणाच्या डोक्यांत राहूं नये. तो नोकरीसाठीं परगांवीं गेला म्हणजे मागें राहिलेल्यांना संगणकासमोर हतबल होऊन बसावें लागतें, आणि मग कोणा तरी परक्या माणसाच्या हातीं सर्व कळा द्याव्या लागतात. शब्द, त्याचें रोमन लेखन, सुरक्षेची रीत आणि शेवटचा फेरफार केल्याची तारीख हीं एका वहींत लिहून ती दागिन्यांच्या पावत्या जेथें ठेवतात तेथें ठेवावी. घरांतील निदान दोघांना, आणि त्यांत एका गृहिणीला, राउटरची मांडणी उघडतां आली पाहिजे. दिवसभर घरांत असणाऱ्या माणसालाच अडचण प्रथम दिसते, आणि ती सोडविण्याचें ज्ञान त्याच्यापाशींच असणें हें शहाणपणाचें आहे.

आमच्या वाचकांनीं ह्या महिन्यांत एवढें एक तरी करावें: घरचें जाळें कोणत्या रीतीनें राखलेलें आहे तें उघडून पाहावें. तेथें वेप, टीकेआयपी किंवा ‘ओपन’ असें आढळलें, तर पूर्वीं केव्हां तरी एखाद्या संगणकासाठीं सैल केलेली कडी तशीच राहिली आहे असें बहुधा समजावें, आणि ज्या संगणकासाठीं ती सैल केली त्याची निराळी सोय लावून ती त्याच दिवशीं पक्की करावी.